पाण्यावरची फटफटी

आमच्या चंद्रपूरच्या माणसाला समुद्राचे जे कौतुक असते, ते मुंबईकराला कळायचे नाही. आमच्याकडे जंगल आहे, कोळसा आहे, ऊन तर इतके की चार जिल्ह्यांना वाटून उरावे. पण समुद्र पाहावयाचा म्हटले म्हणजे महाराष्ट्राच्या या टोकाहून त्या टोकाला जावे लागते. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही गेलो. मी, सौ. आणि आमचा अकरावीत शिकणारा भाचा असे तिघे दोन गाड्या नि एक एस. टी. बदलून सिंधुदुर्गातल्या एका किनाऱ्यावर उतरलो, तेव्हा अंगात त्राण नव्हते. पण पाणी दिसताच तिघांचीही वये दहा-दहा वर्षांनी उतरली. भाच्याची दहा उतरली तर सहाच उरतात, हे मला मान्य आहे. तो वागलाही तसाच.

किनाऱ्यावर चार-पाच रंगीत यंत्रे उभी होती. त्यांना कोणी जेट-स्की म्हणतात, कोणी वॉटर स्कूटर. सौ.नी एक पाण्यावरून सुसाट जाताना पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, ही तर पाण्यावरची फटफटी!" आमच्या मराठी विभागाने परिभाषा समिती नेमून दहा वर्षे खल केला असता, तरी याहून नेमका शब्द निघाला नसता.

भाच्याने हट्ट धरला. यंत्रवाला म्हणाला, "मागे आमचा माणूस बसतो. पण पोरगा हुशार दिसतो. दोनशे जास्त द्या, एकटा सोडतो." भाजी घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा मी, पण तिथे मुकाट्याने पाकीट काढले. पोरगा हुशार दिसतो, या वाक्याने कोणत्या मामाची छाती फुगणार नाही? मग त्याने भाच्याला शिकवण दिली, तीही मी घड्याळ न पाहता सांगतो, अर्ध्या मिनिटाची: "हे दाबलं की पळणार, सोडलं की थांबणार. बस्स!"

पहिली फेरी झकास झाली. दुसऱ्या फेरीला तो किनाऱ्याकडे वळला. तिथे कमरेएवढ्या पाण्यात माणसे डुंबत होती आणि एक चार-पाच वर्षांची मुलगी रबरी चाकात बसून तरंगत होती. भाच्याने तिला पाहिले. कोणीही शहाणा माणूस घाबरल्यावर करील तेच त्याने केले: हँडल वळवले आणि बोटाखालचा खटका सोडून दिला. यंत्र वळले नाही आणि थांबलेही नाही. ते सरळ गेले. मुलीच्या आईने चाकासकट तिला मागे ओढले म्हणून. नाहीतर मी आज हे सदर लिहीत बसलो नसतो. दोघींच्या आणि यंत्राच्या मध्ये हातभर पाणी राहिले असेल.

ती बाई ओरडली असती तर बरे झाले असते. ती मुलीला उराशी धरून माझ्यापाशी आली आणि इतकेच म्हणाली, "काका, तुम्ही तर मोठे आहात ना?"

रात्री भाचा जेवला नाही. पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "मामा, मी हँडल वळवलं होतं. खरंच वळवलं होतं."

त्याने वळवले होते, हे मला परत आल्यावर कळले. आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या एका मित्राने ते मला चहाच्या कपावर चमचा फिरवून समजावून दिले. साध्या होडीला सुकाणू असते. इंजिन बंद पडले तरी सुकाणू पाणी कापते आणि होडी थोडीफार वळते. या फटफटीला मुळी सुकाणूच नाही. ती पोटाखालून पाणी ओढून घेते, आतल्या पंख्याने ते जोराने मागे फेकते आणि त्या फवाऱ्याच्या धक्क्याने पुढे जाते. हँडल वळवले की मागची फवाऱ्याची तोटी वळते, एवढेच. खटका सोडला की फवारा संपला. फवारा संपला की वळणे संपले. म्हणजे वेगात असताना वळायचे तर खटका दाबून ठेवावा लागतो, आणि भ्यालेला माणूस नेमका तोच सोडतो. तीन माणसांचे यंत्र साडेतीनशे किलोंच्या घरात जाते आणि भर वेगात सोडले तर शेकडो फूट नुसते घसरत जाते. अलीकडे काही नव्या यंत्रांना ब्रेकची सोय आली आहे खरी, पण सर्वांना नाही. 'सोडलं की थांबणार' हे वाक्य त्या माणसाने कपटाने उच्चारले असे मी म्हणत नाही. त्यालाही कोणीतरी अर्ध्या मिनिटातच शिकवले असेल. आणखी एक. या यंत्राला एक लाल दोरी असते. तिचे एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला नाहीतर जॅकेटला बांधायचे, म्हणजे तो पडला की इंजिन आपोआप बंद होते. आमच्या यंत्राची दोरी हँडललाच गुंडाळलेली होती. मी ती पाहिली होती. मला वाटले, शोभेची असेल.

हे खूळ मूळ अमेरिकेतले. क्लेटन जेकबसन नावाच्या मोटारसायकलींच्या शौकिनाला १९६० नंतरच्या दशकात ते सुचले आणि कावासाकी कंपनीने १९७३ साली 'जेट स्की' या नावाने बाजारात आणले. पुढे अपघात इतके वाढले की तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ साली या एकाच वाहनाचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट वाचून मी चष्मा पुसला. इतर सर्व सहलीच्या होड्यांवर माणसे मरतात ती मुख्यतः बुडून. या यंत्रावर मरतात ती मुख्यतः आदळून. कारण जीवरक्षक जॅकेट बहुतेकांच्या अंगावर असते. जॅकेट बुडू देत नाही, पण टक्कर थोडीच चुकवते?

त्रासाचे म्हणाल तर तिथल्या लोकांनी तोही सोसून पाहिला. हे यंत्र एका जागी घिरट्या घालते, लाटेवर उडते, आणि उडताना त्याचा आवाज चिरका होऊन पुन्हा खाली येतो. एकसुरी आवाजाची कानाला सवय होते, याची होत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या सान हुआन या बेटांच्या परगण्याने १९९६ साली त्यावर बंदीच घातली आणि १९९८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. टाहो सरोवरावर १९९९ पासून जुन्या धर्तीच्या टू-स्ट्रोक इंजिनांना मज्जाव झाला. त्या इंजिनांत घातलेल्या पेट्रोलचा सुमारे चौथा हिस्सा न जळताच पाण्यात जातो आणि ते पाणी माणसे पितात.

आता कोणी म्हणेल, दोन माणसांना पुरेल एवढेच पाणी असलेल्या जिल्ह्यातल्या माणसाने ही उठाठेव कशाला करावी? पण आमच्याकडे पाणी कमी नाही. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावोगावी आहेत. इरई धरणाचे पाणी आम्ही चंद्रपूरकर पितो, त्यावरच औष्णिक वीज केंद्र चालते आणि त्याचा फुगवटा ताडोबाच्या जंगलाला जाऊन भिडतो. वर भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर गोसीखुर्द आहे; तिथल्या जलपर्यटन प्रकल्पाचे भूमिपूजन २०२४ साली झाले. तीच वैनगंगा पुढे चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्यामधून वाहते. आमच्या तरुणांना त्यातून काम मिळणार असेल तर मी आडवा येणारा कोण? फटफटी आज ना उद्या येईल. येण्याआधी चार गोष्टी ठरलेल्या असाव्यात, एवढेच मला वाटते.

हे मी आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या ढिवराला सांगितले. मार्कंड्याच्या यात्रेला आम्ही सावलीच्या बाजूने जातो आणि त्याच्या डोंग्यातून नदी ओलांडतो, अशी ही बरीच वर्षांची ओळख. यंत्राचे वर्णन त्याने मन लावून ऐकले आणि पहिलाच प्रश्न केला, "मंग हे गाडी थांबते कशी जी, गुरुजी?" मी म्हटले, "थांबत नाही. घसरत जाते." तो थोडा वेळ वल्हे मारीत राहिला आणि म्हणाला, "मंग समोरच्यानं का करावं?"

या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी नाहीत, त्याला परवाना देऊ नये. डोंग्याचा काठ पाण्याच्या वर असतो जेमतेम वीतभर. शेजारून अशी फटफटी गेली तर धक्का लागायची गरजच नाही, तिची लाट पुरे. पाण्यात जाळी लावलेली असतात, कुठे शिंगाड्याची वेल पसरलेली असते. तलाव मच्छीमार संस्थेने ठेक्याने घेतलेला असतो. वेल नि जाळी पोटात ओढली गेली की यंत्रही बंद पडते, हा त्यातल्या त्यात न्याय. तेव्हा यंत्राला वेगळे, खुणा लावलेले पाणी असावे, काठाजवळ आणि डोंग्याजवळ वेगावर बंदी असावी, लाल दोरी मनगटाला असावी आणि पोरगा कितीही हुशार दिसला तरी मागे शिकलेला माणूस बसावा. शिकवण्याची सोय नाही असेही नाही. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. शिकलेल्यांच्या हातूनही काय होते ते मुंबईने पाहिले आहे: १८ डिसेंबर २०२४ ला इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ माणसे गेली. मग अर्ध्या मिनिटात शिकलेल्यांचे काय?

पण मला खरी बोचणी आहे ती जॅकेटची. भाच्याच्या अंगावर नारिंगी जॅकेट होते. पैसे मोजून मौज करायला आलेल्या प्रत्येकाच्या अंगावर होते. २३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायच्या मजुरीला वैनगंगा ओलांडून चालल्या होत्या. डोंगा उलटला आणि सहा बाया बुडाल्या. वर्धा नदी पुढे आमच्याच जिल्ह्याच्या कडेने येते. तिच्यावर अमरावती जिल्ह्यातल्या झुंज येथे १४ सप्टेंबर २०२१ ला होडी उलटून एकाच कुटुंबातली ११ माणसे गेली. मिरची तोडायला जाणारीला जॅकेट कोण देतो? पावसाळ्यात भामरागडकडच्या गावांतली माणसे नाल्या-नद्यांतून डोंग्याने बाजाराला येतात, त्यांना कोण देतो? जलपर्यटनाच्या खर्चात यंत्रे असतील, जेटी असतील, उपाहारगृह असेल. त्याच खर्चातून त्या नदीवरच्या प्रत्येक डोंग्यात दहा जॅकेटे ठेवली तर अंदाजपत्रकाला ती जाणवणारही नाहीत. पाण्याची मौज विकणाऱ्याने पाण्याची भीती असणाऱ्याला एवढे देणे लागते. आणि काठाचेही पाहावे; आमच्या घोडाझरी तलावात मार्च २०२५ मध्ये चिमूर तालुक्यातले पाच तरुण पोहायला उतरून बुडाले, तिथे होडीचा संबंधच नव्हता.

प्राध्यापकाला अंदाजपत्रक कोण विचारतो? तेव्हा त्या दोनशे रुपयांची आठवण ठेवून मी नागपूरहून चार जॅकेटे मागवली आणि मार्कंड्याच्या वाटेवर म्हाताऱ्याला नेऊन दिली. त्याने एक उलटसुलट करून पाहिले, हुंगले, नातवाला घालून पाहिले. पोराचे डोके आत गेले नि बाकी सगळे खाली ओघळले. डोंग्यातल्या बाया हसल्या. मी पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तीन जॅकेटे खुंटीवर होती आणि एक बसायला अंथरले होते. मी रागावणार तोच म्हाताऱ्याने विचारले, "गुरुजी, लेकरायच्या मापाचं भेटते का जी? मोठ्यायले पोहता येते. लेकरंच येत नाही."

नागपूरच्या दुकानदाराला पत्र टाकले आहे. लहान मापाची आहेत, पण डझनाखाली पाठवत नाही म्हणतो.