अंतर्गळ, संकोच आणि मच्छरदाणीचें कापड

ज्या व्याधींची वाच्यता घरांत होत नाहीं, त्यांत जांघेंतील अंतर्गळ अग्रभागीं आहे. गुडघेदुखी चारचौघांत सांगितली जाते, मधुमेहाचे आंकडे तर पंक्तींतहि निघतात. पण खोकतांना जांघेंत येणारी गांठ वडील मंडळी मुलांसुनांपासून वर्षानुवर्षें लपवितात. वास्तविक यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. पोटाची भित्ति जांघेपाशीं मुळांतच दुबळी असते. तेथून आंतड्याचें वेटोळें बाहेर डोकावतें, इतकेंच. सुमारें चार पुरुषांपैकीं एकास जन्मांत केव्हां तरी हा विकार होतो. स्त्रियांसहि क्वचित् होतो.

सुश्रुतानें वृद्धिरोगाचे सात प्रकार सांगितले, त्यांतील ‘अंत्रवृद्धि’ ती हीच. ओझें वाहणें, बलवानाशीं झुंजणें, झाडावरून पडणें हीं कारणें त्यानें नोंदलीं आहेत. गांठ वृषणकोशांत उतरण्यापूर्वीं डाग द्यावा, उतरल्यावर असाध्य समजावी, असें त्याचें मत. इटलींतील बासिनी यानें १८८७ मध्यें भोंवतालचे स्नायु ओढून शिवण्याची रीति प्रसिद्ध केली. परंतु ताणून शिवलेलें वस्त्र शिवणीपाशींच उसवतें, तसें येथेंहि पुष्कळदां घडे. म्हणून पुढें ओढाताण न करितां जाळीचें ठिगळ लावण्याची युक्ति निघाली. जाळीच्या छिद्रांतून शरीराचे तंतु वाढतात व ती भित्तीशीं एकजीव होते.

हेंच ठिगळ आतां दुर्बिणीनें आंतून लावितां येतें. बेंबीजवळ व तिच्या खालीं तीन बारीक छिद्रें पाडून, वायूनें जागा फुगवून, सुमारें १० बाय १५ सेंटिमीटरची जाळी स्नायूंच्या मागें पसरितात. वेदना कमी होतात, माणूस लौकर कामास लागतो आणि दोन्हीं जांघांचा विकार त्याच छिद्रांतून निपटतां येतो. मुंबईचे डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनीं १९९० मध्यें दुर्बिणीनें पित्ताशय काढून या विद्येचा आपल्या देशांत पाया घातला. तथापि तीस बहुधा पूर्ण भूल लागते. ज्यांचें हृदय दुर्बळ, त्यांस जागेपुरती भूल देऊन उघड्या रीतीनें जाळी बसविणें हितकर ठरतें. तिला कमी प्रतीची समजण्याचें कारण नाहीं. कांहीं रोग्यांस दोन्हीं रीतींनंतर जांघेंत दुखणें मागें राहतें, हेंहि आधीं विचारून घ्यावें.

जाळी महाग म्हणून अडून राहणाऱ्यांसाठीं धुळें जिल्ह्यांतील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांनीं अपूर्व मार्ग काढला. मच्छरदाणीचें कापड निर्जंतुक करून त्यांनीं तेंच ठिगळ म्हणून वापरलें आणि २००३ मध्यें सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढें युगांडांत ३०२ पुरुषांवर मच्छरदाणीच्या व विकतच्या महाग जाळीची तुलना झाली. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत एका वर्षानंतर दोहोंत लक्षणीय अंतर आढळलें नाहीं. खानदेशांतील एका गांवीं सुचलेली युक्ति परखंडांतील गरिबांच्या कामीं आली, याचा अभिमान कोणास वाटणार नाहीं?

आमच्या नंदनवनांत सकाळच्या फेरीस धोतराखालीं पट्टा आवळून येणारे वृद्ध आम्हांस ठाऊक आहेत. पट्ट्यानें गांठ दबते. छिद्र बुजत नाहीं. ज्यास कांहींच त्रास नाहीं त्यास डॉक्टर थांबावयासहि सांगतील. पण तो निर्णय डॉक्टरांनीं करावा, संकोचानें करूं नये. गांठ आंत जाईनाशी झाली, दुखूं लागली, ओकाऱ्या होऊन शौच व वायु बंद झाले, म्हणजे आंतडें आवळलें गेलें असें समजावें. मग उजाडण्याची वाट पाहूं नये; कांहीं तासांत आंतडें सडूं लागतें. शेक, रेचक, चोळणें हीं पूर्णपणें वर्ज्य. येथून मेडिकल फार दूर नाहीं. १९४७ पासून तें वैद्यकीय महाविद्यालय नागपुरांत आहे.

कर्त्या मुलांनीं वडिलांस हें एकदां एकांतांत, आदरानें विचारावें. वडिलांनींहि सांगण्यांत कमीपणा मानूं नये. एका वाक्याचा संकोच सोडल्यानें घरचा एक जीव वांचतो.