विकली जाते ती कॉन्टॅक्ट लिस्ट

शाळेतला एखादा मित्र सात-आठ वर्षांनी अचानक मेसेज करतो. ‘काय भावा, ओळखलंस का? सध्या काय चाललंय?’ दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलणं होतं. मग तो विचारतो, ‘नोकरीत समाधानी आहेस का?’ या प्रश्नाला मनापासून ‘हो’ म्हणणारे फार कमी असतात, हे त्याला शिकवलेलं असतं. तुम्ही ‘चाललंय’ म्हणता आणि तो म्हणतो, ‘एक बिझनेस आहे. फोनवर सांगण्यासारखा नाही. रविवारी भेटू.’

असा मेसेज तुम्हाला आला असेल तर हे वाचा. तुम्ही तो कुणाला पाठवला असेल तर नक्की वाचा. मी पाठवलेला आहे.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पुण्यात होतो. हॉस्टेलवरचा एक सीनियर मला एका हॉटेलच्या हॉलमध्ये घेऊन गेला. माझ्याच वयाची, टाय लावलेली पन्नासेक पोरं. स्टेजवर एक जण गाडीची किल्ली हातात फिरवत सांगत होता, की त्याचे वडील एसटीत कंडक्टर होते. माझे वडीलही साधीच नोकरी करणारे. त्यामुळे ते वाक्य बरोबर जाऊन लागलं. पंधरा हजार भरायचे होते. ‘प्रोजेक्टचं सामान घ्यायचंय’ असं सांगून घरून मागवले. बदल्यात एक घड्याळ आणि कसल्यातरी पावडरीचे दोन डबे मिळाले. ते घड्याळ कसं विकायचं, हे मला कुणीही, कधीही शिकवलं नाही. त्याच संध्याकाळी हातात एक वही दिली आणि सांगितलं, शंभर नावं लिही. मग त्यातल्या ज्यांचा तुझ्यावर विश्वास आहे, त्यांच्यापुढे खूण कर.

धंदा काय आहे, हे खरं तर त्या एका वाक्यात सांगून झालं होतं. घड्याळ, पावडर, हॉलिडे पॅकेज, ऑनलाइन कोर्स, क्रिप्टो कॉइन हे सगळं वरचं वेष्टन असतं. आत जे विकलं जातं, ती तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट असते. तुमच्या आजोबांनी, आईवडिलांनी आणि तुम्ही पन्नास वर्षांत जमवलेला विश्वास ते तीन महिन्यांत मोडीत काढतात आणि त्याचं कमिशन तुम्हाला देतात.

माझ्या वहीत खूण केलेलं पहिलं नाव आत्तेभावाचं होतं. वाळवा तालुक्यातलं गाव, घरी दोन म्हशी. ‘दादा म्हणतोय म्हणजे असंल काहीतरी’ एवढ्यावर त्यानं आत्याची भिशी मोडून पैसे भरले. मला त्यातलं कमिशन मिळालं. चार-पाच महिन्यांत सगळं बंद पडलं, सीनियरचा नंबर लागेना. आत्यानं आजतागायत मला एका शब्दानं विचारलेलं नाही. घरच्या कार्यात ती आग्रह करून वाढते, तेव्हा घास उतरत नाही.

आता गणित बघू. ते सेमिनारमध्ये फळ्यावर काढतात खरं, पण चौथ्या पायरीवर थांबवतात. ‘तुम्ही फक्त सहा जण आणा, ते सहा आणतील.’ सहाचे छत्तीस, छत्तीसाचे दोनशे सोळा. इथे टाळ्या पडतात. आपण पुढे मोजू. दहाव्या पायरीवर ६ कोटी माणसं लागतात, म्हणजे २०११ च्या जनगणनेतला निम्म्याहून जास्त महाराष्ट्र. बाराव्या पायरीवर २१७ कोटी. तेराव्या पायरीला पृथ्वीवरची माणसं संपतात.

यावर ते म्हणतात, ‘सगळे थोडेच जॉइन होणार आहेत?’ बरोबर आहे. मग दुसरी गोष्ट बघा. असा मनोरा कुठल्याही पायरीवर थांबू द्या, त्यातली सुमारे ८३ टक्के माणसं सगळ्यात खालच्या ओळीत असतात. शेवटच्या दोन ओळी धरल्या तर सुमारे ९७ टक्के. म्हणजे योजना दोन महिने चालो की दहा वर्षं, शंभरातल्या ९७ जणांच्या खाली एकही माणूस नसतो किंवा एकच ओळ असते. यात तुमची मेहनत, पॉझिटिव्ह ॲटिट्यूड, पहाटे पाचला उठणं यांचा काहीही संबंध नाही. ‘तू कमी पडलास’ असं तुम्हाला सांगतात तेव्हा ते चक्क खोटं बोलत असतात. कमी पडणं हे त्या आकृतीतच काढून ठेवलेलं असतं.

घड्याळांचे दिवस गेले, पण वही तीच राहिली. पुण्याला हे वेगळं सांगायला नको. ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेत एक बिटकॉइन गुंतवा, दर महिन्याला दहा टक्के, असं अठरा महिने मिळेल, असं सांगितलं जात होतं. पुढे परतावा बिटकॉइनमध्ये न देता स्वतःच काढलेल्या ‘एमकॅप’ नावाच्या टोकनमध्ये द्यायला सुरुवात झाली. या टोकनला बाहेर फारशी किंमत नव्हती. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधार अमित भारद्वाज याला अटक केली. खटला संपायच्या आधीच, २०२२ च्या जानेवारीत तो वारला. त्याच वर्षी मार्चमध्ये पोलिसांनी तपासाला मदतीसाठी घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच अटक झाली. जप्तीच्या वेळी क्रिप्टो स्वतःकडे वळवल्याचा त्यांच्यावर आरोप होता. ज्यांचे पैसे गेले ते आजही चकरा मारतायत.

‘वनकॉइन’ची कथा याहून सुरस. बल्गेरियातून जगभर विकल्या गेलेल्या या नाण्यामागे खरा ब्लॉकचेनच नव्हता. कंपनीच्याच कंप्युटरवर आकडे वाढत होते आणि लोक ते बघून खूश होत होते. २०१७ च्या एप्रिलमध्ये नवी मुंबई पोलिसांनी याच्या सेमिनारवर छापा घालून अठरा जणांना पकडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात संस्थापक रुजा इग्नातोवा गायब झाली. २०२२ पासून ती एफबीआयच्या दहा मोस्ट वाँटेड आरोपींच्या यादीत आहे. नवी मुंबईतल्या हॉलमध्ये बसलेल्या माणसानं सोफियातल्या त्या बाईला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यानं विश्वास ठेवला तो आपल्या मेव्हण्यावर.

क्रिप्टो हे नाव लागलं की आपण एक साधी चूक करतो. बिटकॉइन खरं आहे, म्हणून बिटकॉइनच्या नावावर चाललेली योजना खरी आहे असं धरून चालतो. अहो, सोनंही खरंच आहे. म्हणून सोन्याची भिशी गोळा करून रातोरात दुकान बंद करणारा सराफ खरा ठरतो का? बाजारभावावर चालणाऱ्या वस्तूवर ठरलेला परतावा कुणीच देऊ शकत नाही. ‘बिटकनेक्ट’ दिवसाला सुमारे एक टक्का दाखवत होतं. २०१८ च्या जानेवारीत ते कोसळलं. दिवसाला एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतं ना? फोनवर कॅल्क्युलेटर उघडा. चक्रवाढीनं एका लाखाचे वर्षात जवळपास ३८ लाख होतात, दुसऱ्या वर्षाअखेर १४ कोटींच्या वर आणि तिसऱ्या वर्षी ५०० कोटींच्या पलीकडे. हे ज्याला जमतं तो तुमच्या वीस हजारांसाठी टेलिग्रामवर ‘गुड मॉर्निंग लीडर्स’ लिहीत बसेल का?

आणि हे फक्त ॲपवरच चालतं असं नाही. दादरला ‘टोरेस’ नावाचं चकचकीत दागिन्यांचं दुकान होतं. मोइसानाइट नावाचे कृत्रिम खडे घ्या, आठवड्याला सहा टक्के आणि त्याहूनही जास्त मिळवा. ओळखीचा माणूस आणलात तर वर बोनस. २०२५ च्या जानेवारीत पैसे यायचे थांबले आणि दुकानासमोर गर्दी लोटली. त्या गर्दीत रिक्षावाले होते, भाजीवाले होते, घरकाम करणाऱ्या बायका होत्या. तेव्हा सोशल मीडियावर सुशिक्षितांनी लिहिलं, ‘लोभ नडला, दुसरं काय.’

माझं भांडण या वाक्याशी आहे. लोभ म्हणायचा तर हातात पर्याय असावे लागतात. स्पर्धा परीक्षेत चौथ्यांदा पूर्वपरीक्षेत अडकलेला पोरगा, बारा हजारांवर कॉल सेंटरमध्ये राबणारी मुलगी, शेतीत राम न उरलेला माझा आत्तेभाऊ यांना महाल नको असतो. ‘सध्या काय करतोस?’ या प्रश्नाला देता येईल असं एक उत्तर हवं असतं. या योजना ते उत्तर विकतात. व्हिजिटिंग कार्डवर ‘आंत्रप्रेन्युअर’ छापून मिळतं. ज्याला घरात कुणी विचारत नाही, त्याच्यासाठी रविवारी दोनशे माणसं टाळ्या वाजवतात. हा सापळा हावरटांसाठी मांडलेला नाही, अपमानितांसाठी मांडलेला आहे. त्यांना लोभी म्हणून मोकळं होणारे लोक चोराचंच काम हलकं करतात. हसू होईल या भीतीनं फसलेला माणूस तोंड उघडत नाही.

तोंड न उघडण्याचं दुसरं कारण याहून जड आहे. साध्या चोरीत चोर वेगळा आणि फसलेला वेगळा. इथे फसलेल्यालाच पुढच्याला फसवायला लावलेलं असतं. तक्रार करायला गेलात तर पोलीस विचारणार, ‘तुम्ही किती जणांना आणलंत?’ हा प्रश्न उगाच नसतो. १९७८ च्या प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायद्यात अशी योजना चालवायला तर बंदी आहेच, पण सभासद होणं आणि भाग घेणं यालाही आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. वरच्या माणसाला हे पाठ असतं. सहा महिने गोड बोलणारा अपलाइन पैसे मागितल्यावर म्हणतो, ‘केस कर ना, तूच आत जाशील. आणि मामाला काय सांगशील?’ त्याला वकिलाची गरजच पडत नाही. तुमचा मामाच त्याचा वकील असतो.

त्यांचे नेहमीचे युक्तिवादही एकदा हातावेगळे करू. ‘कंपनी रजिस्टर्ड आहे, जीएसटी नंबर आहे.’ कंपनी कुणीही नोंदवू शकतो, ती नोंदणी म्हणजे लोकांकडून ठेवी घ्यायचा परवाना नव्हे. ‘सरकार क्रिप्टोवर ३० टक्के टॅक्स घेतं, म्हणजे मान्यता आहेच.’ टॅक्स तुमच्या नफ्यावर असतो, योजनेच्या खरेपणावर नाही. ‘डायरेक्ट सेलिंगला कायद्यानं परवानगी आहे.’ आहे ना. २०२१ चे नियम वाचा. त्यात जॉइन होण्यासाठी फी घ्यायला मनाई आहे आणि पिरॅमिड योजनेला बंदी आहे. ‘मग नोकरी काय पिरॅमिड नाही का? वर एक साहेब, खाली शंभर.’ हा त्यांचा लाडका डायलॉग. उत्तर सोपं आहे. माझा साहेब मला दर महिन्याला पगार देतो. मी त्याला पंधरा हजार देऊन कामाला लागलेलो नाही.

तुम्हाला ताडायला एकच प्रश्न पुरेसा आहे. उद्यापासून एकही नवा माणूस आला नाही, तर मला पैसे कुठून मिळतील? याचं एका वाक्यात उत्तर आलं नाही, ‘झूमवर आमचे सर समजावतील’ असं आलं, तर उठा.

आणि आधीच अडकला असाल तर? मेसेज, स्क्रीनशॉट, पैसे पाठवल्याच्या नोंदी आजच जपून ठेवा, कारण तो ग्रुप एका रात्रीत डिलीट होतो. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, तिथे तासाला किंमत आहे. ठेव म्हणून पैसे घेतले असतील तर महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, त्याखाली मालमत्ता जप्त करता येते. एकट्यानं जाऊ नका, दहा जण मिळून आर्थिक गुन्हे शाखेकडे जा. कुणाकुणाला आणलं हे स्वतःहून सांगा. ते लपवल्याचा फायदा फक्त वरच्यांना होतो.

गेल्या दिवाळीत मी आत्तेभावाला पंधरा हजार परत दिले. व्याज धरलं तर ते बरेच कमी होते. त्यानं नोटा मोजल्या नाहीत. म्हणाला, ‘दादा, तुझं फिटलं म्हण. पण मी पुढं चौघं आणली होती. त्यातला एक आता माझ्याशी बोलत नाही. त्याचं कसं करू?’

ते चौघं मला माहीतच नव्हते. माझ्या वहीतल्या एका खुणेखाली आणखी चार घरं होती आणि सीनियरनं काढलेल्या आकृतीत ती फक्त चार गोल होते. आम्ही दोघं त्या माणसाच्या घरी गेलो. त्यानं दारातच उभं केलं, पाणी विचारलं नाही. आम्ही काय झालं ते सांगितलं, आमची चूक सांगितली. त्यानं ऐकून घेतलं, एवढंच. माफ बिफ काही केलं नाही.

पण निघताना त्यानं विचारलं, ‘माझा पुतण्या सध्या कुठल्यातरी कॉइनचं सांगत असतो. त्याच्याशी बोलाल का?’ आम्ही चपला काढून आत गेलो.