कूलरच्या टाकीतला प्रमाद



मागच्या आठवड्यात स्वाध्याय संपल्यावर उन्हाचा विषय निघाला. एकीच्या मुलाने घरात एसी बसवला होता. लगेच दुसरी म्हणाली, "आम्ही बाई कूलरवरच भागवतो. एसी म्हणजे नुसता भोग." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आल्यावर मात्र स्वतःचीच लाज वाटली.

कारण गेल्या भाद्रपदात काय घडलं ते मला माहीत आहे. मृगाचा पाऊस पडला, कूलर बंद केला आणि टाकी रिकामी करायची राहून गेली. वरून पावसाचं पाणी पडतच होतं. दशलक्षण पर्वाआधी साफसफाई काढली आणि ताटी उघडून बघते तर आत अळ्याच अळ्या, वळवळणाऱ्या. चातुर्मासात मी पालेभाजी सोडली होती, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेतला नव्हता. आणि त्याच हाताने टाकीत अर्धी बाटली फिनेल ओतलं. थोड्या वेळात पाणी शांत झालं. मी पुढच्या कामाला लागले.

म्हणून मला आता स्पष्ट म्हणायचं आहे. कूलर साधा आणि एसी पापाचा, ही आपली वाटणी खोटी आहे. पाप यंत्रात नसतं, ते आपल्या दुर्लक्षात असतं. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना मुळाशी प्रमाद ठेवला आहे, तो उगाच नाही.

पिण्याचं पाणी गाळलं की त्याची मर्यादा ४८ मिनिटं, हे आपल्या घरातली शाळकरी मुलगीही सांगते. गाळल्यावर जीवाणी परत पाण्यात सोडायची, हेही आपण शिकवतो. मग खिडकीला लागून पन्नास लिटर पाणी पंधरा-पंधरा दिवस साचतं, त्याची मर्यादा कोणी मोजायची? डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे महिन्यातून एकदा टाकी धुणारी बाई महिनाभर जीव वाढवते आणि मग एका दिवसात मारते. शिवाय शेजारच्या लेकराला ताप येतो तो वेगळाच.

कोणी म्हणेल, "टाकी घासतानाही जीव जातातच की." जातात. गृहस्थाच्या घरात आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, म्हणूनच यत्नाचार सांगितला. जन्मच होऊ नये म्हणून पाणी साचू न देणं वेगळं आणि जन्मू देऊन वर विष ओतणं वेगळं. या दोन्हींना एकाच तागडीत तोलू नका.

आता यत्नाचार म्हणजे काय, तेही सांगते. आठवड्यातून एक दिवस ठरवा. अष्टमी-चतुर्दशीला आरंभ टाळत असाल तर आदल्या दिवशी करा. आधी बटण बंद करून प्लगच काढा. आमच्या विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, आणि चालू कूलरमध्ये पाणी भरायला जाणारी बहुधा घरातली बाईच असते. अर्थिंग तपासून घ्या. मग सगळं पाणी काढा, टाकीच्या भिंती आतून घासा आणि उन्हात कोरड्या होऊ द्या. नुसतं पाणी ओतून चालत नाही, कारण या डासाची अंडी भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. पाऊस लागला की कूलर तसाही थंडावा देत नाही, दमट हवेत नुसती ओल वाढवतो. तेव्हा त्याच आठवड्यात टाकी कोरडी करून ताट्या काढून ठेवा.

नवा घ्यायचा असेल तर दुकानात तुम्ही स्वतः जा. घरातले पुरुष वारा किती येतो ते बघतात. टाकीला तळाशी बूच आहे का, आत हात जातो का, ताटी सहज निघते का, हे धुणाऱ्या बाईलाच सुचतं. आणि बाईनेच का धुवायचं? ज्याला झोपायला थंडावा लागतो त्याने एका रविवारी फडकं हातात घ्यावं.

एसीवाल्यांनाही मी सोडत नाही. कूलरला साधारण २०० वॅट लागतात, दीड टनाच्या एसीला १५०० च्या आसपास. सरकारी नियमाने २०२० पासून स्टारवाले नवे एसी सुरू होताना २४ अंशांवर असतात. आपण रिमोट घेऊन १८ वर आणतो आणि वर दुलई पांघरतो! याला गरज म्हणायचं का? पण घरात म्हातारं माणूस आजारी आहे, म्हणून कोणी २६ वर एसी लावला, जाळी वेळेवर धुतली, तर तिला भोगी म्हणायचा अधिकार माझ्यासारख्या फिनेल ओतणारीला नाही.

त्या दिवशी स्वाध्यायात मी मान डोलावली, ती चूक होती. पुढच्या बैठकीत तिथेच, सगळ्यांसमोर, त्या टाकीची आलोचना करणार आहे. तोवर तुम्ही एवढंच करा, आज उठून आपल्या कूलरची ताटी उघडून बघा.