गाडीतला हॅम रेडिओ नेमका कुठे बसवावा?



आजचा विषय वाचून काहींना वाटेल, मॅडम भाषा-गणित सोडून गॅरेजमध्ये कुठे शिरल्या! पण शेवटपर्यंत वाचा. यात एक गणिताचा पाठ आहे, आणि तुमची मुलं ज्या व्हॅनमधून शाळेत येतात तिचाही संबंध आहे.

आधी हॅम रेडिओबद्दल थोडंसं. मोबाईलला टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते. हॅम रेडिओचे दोन सेट एकमेकांशी थेट बोलतात, मध्ये कुणी लागत नाही. १२ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देऊन दूरसंचार विभागाकडून याचं लायसन्स मिळतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात फोन बंद पडले, तेव्हा या हौशी मंडळींनी आपले सेट घेऊन निरोप पोचवले. आता २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. गोदाकाठी गर्दी झाली की मोबाईलचं काय होतं हे आपण नाशिककरांना सांगायला नको. म्हणून मीही परीक्षा दिली, लायसन्स घेतलं आणि एक वापरलेला सेट विकत घेऊन गाडीत बसवला.

बसवला म्हणजे काय, चिकटवला. डॅशबोर्डच्या वर, डबल टेपने. ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणत होता, "मॅडम, पत्र्याला भोक पाडून नट-बोल्ट मारू." घरून आदेश होता की गाडीला भोक पाडायचं नाही, विकताना भाव पडतो. मलाही ते पटलं. शिवाय वर ठेवला की आकडे दिसतात, माईक हाताशी येतो आणि (खरं सांगते) लोकांनाही दिसतो.

मे महिना होता. दुपारी गाडी शाळेजवळ उन्हात उभी. एकलहऱ्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे, बंद गाडीत हात लावू तिथे चटका बसतो. संध्याकाळी सामनगाव रोडने घरी निघालो. मुलगा शेजारच्या सीटवर, कारण पुढे बसायचा हट्ट आणि माझा ढिलेपणा. वेग पस्तीसच्या आत. रस्त्यावर वासरू आलं, मी ब्रेक मारला. टेपचा गोंद उन्हाने आधीच मऊ झालेला होता. सेट सुटला, कडेला घसरला आणि वायर ओढत मुलाच्या नडगीवर पडला. नडगी सुजली, निळी पडली, आठवडाभर लंगडला. बाकी काही झालं नाही. त्या रात्री मी वही घेऊन बसले.

हाच तो पाठ. पाचवीच्या पुढच्या मुलांना सहज घेता येतो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वेगातली गाडी आदळून एकदम थांबली, तर आतल्या सुट्या वस्तू थांबत नाहीत, त्याच वेगाने पुढे जातात. एखादी वस्तू किती उंचीवरून सोडली तर खाली येईपर्यंत तिचा वेग सेकंदाला १० मीटर होतो? साधारण ५ मीटर. म्हणजे दीड-पावणेदोन मजले. आता वेग दुप्पट करा, ताशी ७२. मुलं पटकन म्हणतात, उंचीही दुप्पट, १० मीटर. नाही, उंची चौपट होते, २० मीटर! सहा-सात मजली इमारत झाली. नाशिक-पुणे रस्त्यावर ७२ हा काही वेग म्हणायचा नाही, आणि सहाव्या मजल्यावरून दीड किलोचा लोखंडी डबा कुणाच्या अंगावर सोडायला कुणी तयार होणार नाही.

आता धरून ठेवणाऱ्या बाजूने बघा. ताशी ३६ वरची गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर तेवढ्या क्षणापुरता दीड किलोचा सेट १५ किलोच्या ओढीने सुटू पाहतो. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तेवढं वजन डबल टेपवर टांगायची माझी छाती नाही. तुमची आहे का? रबरी सक्शन कपवर? वेल्क्रोच्या पट्टीवर?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सेट कुठे बसवायचा हे 'कुठे दिसेल, कुठे हात पोचेल' यावरून ठरवायला आपण सुरुवात करतो, तीच चूक. आधी गाडीत कोण कुठे बसतं ते बघा. कुणाचं डोकं, गुडघा, नडगी कुठे येते ते बघा. मग जी जागा उरेल ती सेटची.

असं बघायला गेलं की डॅशबोर्डचा वरचा भाग आधी बाद होतो. नव्या गाड्यांत तर शेजाऱ्याची एअरबॅग तिथूनच उघडते. चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटसाठी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने. डोळ्याचं पातं लवण्याच्या आत ती फुगते. तिच्या वाटेत रेडिओ असला तर एअरबॅग त्यालाच तुमच्या तोंडावर फेकणार. डॅशबोर्डच्या खाली लटकता ब्रॅकेट लावतात, तिथे गुडघे येतात. पुष्कळ सेटचं तोंड, म्हणजे बटणं आणि आकड्यांचा भाग, वेगळं काढता येतं. मला हाच मार्ग सगळ्यात बरा वाटतो. जड डबा सीटखाली किंवा डिकीत बोल्टने आवळायचा, आणि हलकं तोंड तेवढं गिअरच्या पुढे, खालच्या बाजूला.

सीटखाली म्हटलं तरी डोळे मिटून नाही. इको-ओम्नीसारख्या गाडीत पुढच्या सीटखाली इंजिनच असतं. डिकीत सीएनजीची टाकी असू शकते. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा, तिथून ब्रेकची किंवा पेट्रोलची नळी जात असेल. सीटखाली पिवळ्या रंगाचं कनेक्टर दिसलं तर बहुतेक ते एअरबॅगचं असतं, त्याला हात लावायचा नाही. सीट मागेपुढे सरकते तिथे वायर चेंगरू नये. आणि पातळ पत्र्याला नुसता स्क्रू पिळू नका. खड्ड्यांनी तो ढिला होतो. आपल्याकडे तर लवकरच होतो. आरपार बोल्ट, पलीकडून मोठा वायसर आणि लॉकनट.

विजेचं थोडक्यात सांगते. ५० वॅटचा सेट बोलताना १० अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटला एवढं झेपत नाही, वायर तापते. थेट बॅटरीवरून जाड वायर घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा. सेटजवळ लावला तर मधल्या सगळ्या वायरला संरक्षण राहत नाही. छतावरची अँटेना दोन मीटरच्या बँडसाठी साधारण अर्धा मीटर लांब असते. बोलताना तिला कुणी हात लावू नये, मुलांना तर मुद्दाम सांगून ठेवा.

काही हॅम मित्रांना यापुढचं माझं म्हणणं पटत नाही. मुलं गाडीत असताना चालवणाऱ्याने माईक हातात घेऊच नये, असं मला वाटतं. ते म्हणतात, पोलीस नाही का बोलत? बोलतात, पण चालवणारा वेगळा आणि वायरलेसवर बोलणारा बहुतेक वेळा वेगळा असतो. आपल्या गाडीत दोन्ही कामं एकालाच. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात गाडी चालवताना हातातलं साधन फक्त रस्ता बघण्यापुरतं वापरायची मुभा आहे, तीही लक्ष विचलित न होता. कायद्याचा कीस पाडायला मला आवडत नाही. पण वळणावर एका हातात माईक, दुसऱ्यात स्टिअरिंग आणि मध्ये ती गुंडाळलेली वायर, हे मी करून बघितलं आहे. ऐकत राहायला हरकत नाही. बोलायचं तर गाडी कडेला घ्या.

पालकहो, तुमच्याकडे रेडिओ नसेल. पण उद्या सकाळी व्हॅन दारात आली की आत डोकावा. चालकाचा मोबाईल कशावर टेकवलाय? डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती कशाने चिकटवली आहे? आग विझवायचा लाल सिलिंडर असायलाच हवा, पण तो पट्ट्यात आवळलेला आहे की सीटखाली गडगडतोय? पाण्याचा जार कुठे आहे? आमच्याकडे एकदा जॅक आणि पाना मुलांच्या पायाशी सुटे सापडले होते. आपल्या राज्यात २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. बैठकीत आपण इन्शुरन्स, पीयूसी, लायसन्स बघतो, सह्या करतो आणि चहा घेतो. सरांनो, मॅडमनो, पुढची बैठक पटांगणात व्हॅनपाशी घ्या. दार उघडा आणि जे हाताने हलतं ते बांधायला लावा. दहा मिनिटांचं काम आहे.

माझ्या गाडीचं सांगायचं तर सेट तीन महिने कपाटात होता. मग त्याच इलेक्ट्रिशियनकडे गेले. तो काही बोलला नाही, नुसतं हसून ड्रिल काढलं. डबा आता मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकीच्या पत्र्याला चार बोल्टवर आहे. तोंड गिअरच्या पुढे. आवळून झाल्यावर त्याने दोन्ही हातांनी धरून डबा ओढून दाखवला, तेव्हा गाडी हलली, डबा नाही. मुलगा मागे बसतो, बेल्ट लावून. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा त्याच्या मापाची सीट कायद्यानेच हवी, हे मला उशिरा कळलं.

गाडीला चार भोकं पडली आहेत. विकताना काय भाव येईल तो येईल.