चार पौंड जास्त

भारतवारीच्या बॅगा भरून आपण सगळेच २३ किलोत तरबेज झालेलो असतो. लोणचं, मसाले, भाजणी... सगळं बसवतो. पण गेल्या हिवाळ्यात स्कीइंगसाठी डेन्व्हरला निघालो आणि माझी ही हुशारी काउंटरवर उताणी पडली. काटा ५४ पौंडांवर, मर्यादा ५० ची! स्कीची आणि बुटांची पिशवी मिळून एकच नग धरतात हे वाचून मी खूश होते. वजनही दोन्हींचं मिळूनच धरतात, हे वाचायचं राहिलं.

मग काय, तिथेच फरशीवर बसून उपसाउपशी. लेक आणि नवरा ओळख नसल्यासारखे लांब उभे. (घरी वजनकाट्यावर बॅग घेऊन उभी राहिले असते तर कळलं असतं. पण मग स्वतःचंही वजन कळतं ना!)

बरं, एवढं करून बॅग पोचली दुसऱ्या दिवशी. लेक पहिला दिवस भाड्याच्या बुटांत घसरली. संध्याकाळी मोजे काढले तर अंगठ्याचं नख काळंनिळं. रडली नाही, पण दुसऱ्या दिवशी स्कीला हातही लावला नाही तिने.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. बूट पायाच्या मापाचे, ते केबिनमध्ये आपल्यासोबत. हेल्मेटही, आत मोजे कोंबून. स्की आणि काठ्या तिथे भाड्याने. काठ्या तशाही केबिनमध्ये चालत नाहीत. नवऱ्याला हे अजिबात पटत नाही, त्याला स्वतःच्याच स्की हव्यात. असो. त्याने त्याची बॅग उचलावी.

यंदा माझ्या बॅगेत भाजणीलाही जागा आहे.