विश्लेषण : जुन्या कॉम्प्युटरला दुसरी हार्ड डिस्क, आधी वेग की आधी दुसरी प्रत?

लग्नसराईचे फोटो सांभाळणारा स्टुडिओ असो, डीटीपीचे दुकान असो की शाळेचे कार्यालय. बिलोली, देगलूर, धर्माबादसारख्या तालुक्याच्या गावांत एकाच जुन्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षांचे काम साठलेले असते. जागा संपली, वेग मंदावला की दुसरी हार्ड डिस्क बसवली जाते. उपाय योग्यच आहे. पण जागा आणि वेग एवढाच हिशेब केला, तर मोठा धोका तसाच राहतो.

नवा कॉम्प्युटर घेण्यापेक्षा हे बरे का?

टायपिंग, छपाई, ऑनलाइन अर्ज यांना जुना प्रोसेसर बहुधा पुरतो. काम अडते ते डिस्कपाशी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते. सलग मोठी फाइल ती सेकंदाला साधारण १०० एमबी वेगाने वाचते, पण हजारो छोट्या फाइल शोधताना फारच मंदावते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. जुन्या बोर्डावरील ‘साटा-२’ जोडणीची मर्यादा सेकंदाला ३०० एमबी असली, तरी तेथेही फरक लगेच जाणवतो. म्हणून विंडोज नव्या एसएसडीवर आणि फाइल जुन्या डिस्कवर, अशी विभागणी सर्रास होते.

मग चुकते कुठे?

नेमके येथेच. सर्वांत झिजलेल्या डिस्कवर फाइलींची एकमेव प्रत उरते. विंडोज बिघडले तर पुन्हा टाकता येते. लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. त्यामुळे पैसे एकाच वस्तूपुरते असतील, तर आधी फाइलींच्या दुसऱ्या प्रतीसाठी डिस्क घ्यावी. वेगासाठीची एसएसडी नंतर आली तरी चालते.

विकत घेण्यापूर्वी काय तपासावे?

सीपीयूचा डबा उघडून पाहावा. रुंद पट्टीसारखी केबल दिसली तर जोडणी ‘आयडीई’ या जुन्या प्रकारची आहे. २००३ पासून आलेल्या ‘साटा’ची केबल अरुंद असते. बोर्डावर साटाची मोकळी जागा आणि पॉवर सप्लायची मोकळी पिन, दोन्ही लागतात. जुन्या ‘एमबीआर’ पद्धतीत डिस्कची २ टीबीपर्यंतचीच जागा वापरता येते, हेही लक्षात ठेवावे. जुन्या डिस्कची तब्येत ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या मोफत प्रोग्रॅमवर कळते. तेथे ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसले, तर फाइल उतरवून घेणे हेच पहिले काम.

बसवताना कोणती काळजी घ्यावी?

महत्त्वाच्या फाइल आधी बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात. मुख्य प्लग काढूनच डबा उघडावा. जोडल्यावर नवी डिस्क ‘धिस पीसी’मध्ये दिसली नाही, म्हणजे ती खराब निघाली असे नाही. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन ती ‘इनिशिअलाइज’ करावी लागते, मग ‘न्यू सिम्पल व्हॉल्यूम’ने फॉरमॅट करून तिला अक्षर द्यावे लागते. घात होतो तो याच पायरीवर, नव्याऐवजी जुनी डिस्क फॉरमॅट झाल्याने. आकडा पाहून खात्री करावी. नव्या एसएसडीवर विंडोज टाकताना तर जुन्या डिस्कची केबल काढूनच ठेवावी.

दुसरी डिस्क बसली, आता निर्धास्त?

नाही. एकाच डब्यातल्या दोन डिस्क एकाच वेळी जाऊ शकतात. वीज पडली, दाब अचानक वाढला, चोरी झाली किंवा फाइलींना कुलूप लावणारा व्हायरस शिरला, तर दोन्ही प्रती सापडतात. तिसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर हवी. काम झाले की ती काढून घरी न्यावी. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ साठी पात्र नाहीत. नवी डिस्क ही उणीव भरून काढत नाही. अशा यंत्रावर लिनक्सचा विचार करावा, किंवा ते इंटरनेटपासून दूर ठेवावे.

डिस्क बसवून देणाऱ्याने ‘किती जीबी हवी’ याआधी ‘दुसरी प्रत कुठे आहे’ हे विचारायला हवे. त्याने विचारले नाही, तर मालकाने स्वतःला विचारावे. बुडालेल्या फाइल काढून देणाऱ्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांत असतात, त्यांचा खर्च नव्या डिस्कपेक्षा कितीतरी अधिक येतो आणि यशाची हमी तेथेही मिळत नाही.