भेट ठरली, दारात कोण उभं राहणार?



महिन्यातल्या ठरावीक शनिवारी, ठरावीक दोन तास वडिलांना मुलाची भेट द्यावी, असा एखाद्या ओळीचा हुकूम आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला असतो. त्यात वार असतो, वेळ असते, कधी जागाही असते. पण मुलाला तिथवर नेणार कोण, बापाच्या हाती देताना तिसरं माणूस कोण असणार, वेळ संपली तरी मूल परत आलं नाही तर काय करायचं, याबद्दल अवाक्षर नसतं. ते सगळं बाईनं निभवायचं, हे न बोलताच ठरलेलं असतं.

समुपदेशनाचं काम करताना मला वारंवार दिसतं, की बाई घराबाहेर पडली तरी त्रास संपत नाही, तो भेटीच्या जागी येऊन थांबतो. एकीला एसटी स्टँडवर मुलीला सोडावं लागे. तो मुद्दाम उशिरा येई आणि चार लोकांत तिला शिव्या देई. दुसरीचा सात वर्षांचा मुलगा भेटीहून आला की गप्प गप्प असे. आई कुठं कामाला जाते, खोलीचं भाडं कोण भरतं, घरी कोण येतं, याची त्याच्याकडे उलटतपासणी होत होती, हे पुढे कळलं. धुणीभांडी करणाऱ्या तिसरीला दर भेटीला कामाचा खाडा आणि वर प्रवासखर्च. चुकून गैरहजर राहिली तर ‘आईच भेटू देत नाही’ हा अर्ज तयारच!

यावर आपल्याच बैठकांत दोन मतं पडतात. एक म्हणतं, मारणाऱ्याला मूल दाखवायचंच कशाला? दुसरं म्हणतं, शेवटी बाप तो बाप, मुलासाठी सोस. मला दोन्ही पटत नाहीत. पुष्कळ मुलांना वडील हवे असतात, आणि तसं वाटणं ही आईशी बेइमानी नव्हे. शिवाय मुलं सासरी अडकवून ठेवलेल्या आयाही आपल्याकडे येतात. मुलांच्या भेटीसाठी त्याच उंबरे झिजवतात. भेटीचा हक्क सरसकट नाकारला, तर पहिला फटका त्यांनाच बसेल. आणि ‘सोस’ म्हणणाऱ्यांना एवढंच विचारावंसं वाटतं : आईला घाबरलेली पाहून कुठल्या मुलाचं भलं झालं आहे?

कायदा काय म्हणतो? १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असतं आणि मुलाचं हित सर्वांत मोठं मानलं जातं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम २१ याहून नेमकं आहे. मुलाचा तात्पुरता ताबा बाईला देताना वडिलांची भेट कशी व्हावी, हे दंडाधिकारी ठरवू शकतात; आणि भेटीनं मुलाच्या हिताला धोका आहे असं त्यांचं मत झालं, तर भेट नाकारलीच पाहिजे. याच कायद्याच्या २००६ च्या नियमांत, न्यायालयानं सांगितल्यास आपल्या देखरेखीखाली बाईची आणि मुलांची भेट घडवण्याचं काम संरक्षण अधिकाऱ्याकडे दिलं आहे. म्हणजे देखरेखीची कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही. आपण ती मागत नाही, एवढंच.

मागायचं म्हणजे काय, हेही स्पष्ट हवं. देखरेखीखालची भेट वेगळी आणि देखरेखीखाली मूल सोपवणं वेगळं. पहिल्यात त्रयस्थ व्यक्ती भेट संपेपर्यंत खोलीत हजर असते. दुसऱ्यात भेट मोकळी असते, फक्त आईबाप समोरासमोर येत नाहीत. दोघांच्या वेळांत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर, जमल्यास दोन वेगळी दारं, मुलाला इकडून तिकडे नेणारी कार्यकर्ती, आल्यागेल्याची वहीत नोंद, आणि मुलाच्या हाती निरोप द्यायला मनाई. अमेरिकेत २००० साली स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्यातच अशा केंद्रांसाठी पैशाची तरतूद झाली. म्हणजे मूल सोपवण्याची घडी हा बाईच्या सुरक्षिततेचा प्रश्न मानला गेला.

आपल्याकडे १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदा आला, १९८९ मध्ये पुण्यामुंबईला ती न्यायालयं सुरू झाली, समुपदेशक आले. पण तालुक्याच्या न्यायालयात दाद मागणाऱ्या बाईला मुलासाठी वेगळी खोली सहसा मिळत नाही. तिथं मग पोलीस ठाणं नाहीतर नातेवाईक सुचवले जातात. ठाण्याच्या बाकावर बसलेल्या मुलाला वाटतं, आईबापांपैकी कुणीतरी गुन्हेगार आहे. आणि नवऱ्याची बहीण किंवा आई ‘लक्ष ठेवणार’ असेल, तर ते लक्ष कुणाच्या बाजूचं, हे सांगायला नको.

म्हणून अर्ज लिहिताना वकिलांना आपण आग्रहानं सांगू या. जागा, वेळ, मूल सोपवणारी त्रयस्थ व्यक्ती, परतीची वेळ आणि ती पाळली नाही तर काय, हे हुकमात लिहून घ्या. आधीची मारहाण, धमक्या, मूल पळवून नेण्याची भीती, यातलं जे असेल ते तारखेसह मांडा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर देखरेखीवर समाधान मानू नका, कलम २१ खाली भेटच थांबवायला सांगा. व्हिडिओ कॉलवर भेट ठरली, तर तो कुणाच्या फोनवरून आणि कुठून होणार, हेही बाईचा पत्ता उघड होणार नाही अशा बेतानं ठरवा. मुलाचा खर्च आणि मुलाची भेट यांची सांगड घालू देऊ नका. खर्च हा मुलाचा हक्क आहे, तो भेटीचं तिकीट नव्हे.

सरकारकडे मागणी आहेच : प्रत्येक तालुक्यात दोन खोल्या आणि प्रशिक्षित कार्यकर्ती. पण तोवर वाट कशाला पाहायची? शाळेची रविवारची रिकामी खोली किंवा आपल्याच केंद्राची जागा न्यायालयाच्या परवानगीनं वापरता येईल. मात्र त्या खोलीत बसणारीनं त्या दोन तासांत बाईची बाजू मांडायची नाही, की बापाला सुनवायचं नाही. तिनं मुलाकडे पाहायचं आणि दिसलं तेवढंच वहीत लिहायचं. बाईच्या बाजूनं घोषणा देणाऱ्या आपल्याला हे जड जाईल. पण ती वही उद्या न्यायालयात टिकेल, ती याच शिस्तीमुळे.

पोटगी, राहतं घर, शिधापत्रिकेवरचं नाव, यांसाठी आपण रस्त्यावर उतरलो. शनिवारचे हे दोन तासही त्याच लढ्याचा भाग आहेत. तुमच्या गावात मूल कुठं सोपवलं जातं, कोण हजर असतं, काय घडतं, हे नावं वगळून आम्हाला लिहून पाठवा. त्या पत्रांच्या आधारे तालुक्या-तालुक्याची मागणी तयार करू.